दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाचं उष्टावण कधी करायचं?

सातारा भागात बाळाला सहावा महिना लागला की घरात पंचांग उघडलं जातं. मुलगा असेल तर सहावा किंवा आठवा महिना, मुलगी असेल तर पाचवा किंवा सातवा. मामाला बोलावणं जातं, चांदीच्या वाटीत खीर होते आणि मामाच्या मांडीवर बसून बाळ पहिला घास घेतं. पण जे बाळ दोन महिने आधीच आलं, काही आठवडे काचेच्या पेटीत राहिलं, नाकातल्या नळीतून दूध प्यायलं, त्याचे महिने कुठल्या तारखेपासून मोजायचे? वरचं खाणं सुरू करताना सगळ्यात आधी हे ठरवायला हवं. बहुतेक घरांत मात्र हा प्रश्न निघतच नाही. जन्मतारीख धरली जाते आणि मुहूर्त काढला जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा बाळाचं वय जन्माच्या तारखेपासून मोजू नका, डॉक्टरांनी बाळंतपणाची जी तारीख दिली होती तिथपासून मोजा. आणि ती तारीखही शेवटचा शब्द नाही, त्यानंतर बाळाकडे बघा.

एका बाळाची दोन वयं

गर्भारपण ४० आठवड्यांचं धरतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. समजा कोरेगावच्या एका लेकीला २० मे ही तारीख दिली होती आणि बाळ २५ मार्चलाच आलं. म्हणजे ते ५६ दिवस, बरोबर ८ आठवडे आधी, ३२व्या आठवड्यात जन्मलं. २५ सप्टेंबरला घरातले म्हणतील, सहा महिने झाले, आता भरवायला सुरुवात करा. पण २० मेपासून मोजलं तर ते जेमतेम सव्वाचार महिन्यांचं आहे. त्याचे खरे सहा महिने २० नोव्हेंबरला होतात. या दुसऱ्या वयाला डॉक्टर करेक्टेड वय म्हणतात.

मधले दोन महिने फक्त कागदावरचे नाहीत. पोटात राहिलं असतं तर या ८ आठवड्यांत बाळाचा मेंदू, मानेचे स्नायू, चोखणं-गिळणं-श्वास यांचा मेळ, आतडं, मूत्रपिंडं हे सगळं पक्कं झालं असतं. ते काम आता त्याला बाहेर येऊन करावं लागतं, आणि लवकर जन्मलं म्हणून ते लवकर उरकत नाही.

तारीख शोधायला अवघड नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीच्या कागदावर अपेक्षित तारीख असते आणि ती बऱ्यापैकी नेमकी असते. तो कागद सापडत नसेल तर दवाखान्यातून घरी सोडताना दिलेल्या कार्डावर बाळ किती आठवड्यांचं जन्मलं ते लिहिलेलं असतं. ४० मधून तो आकडा वजा करा. जे आठवडे उरतील तेवढे बाळाच्या आजच्या वयातून कमी करायचे. वजन, उंची, मान धरणं, पालथं पडणं, बसणं हे सगळं बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत याच वयाने तपासायचं असतं. शेजारच्या जावेचं बाळ बसायला लागलं आणि आपलं नाही, या काळजीतला बराचसा भाग एवढ्या एका वजाबाकीने हलका होतो.

एक गोष्ट मात्र या हिशेबात धरायची नाही, ती म्हणजे लसीकरण. लशी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. बाळ लहान दिसतं म्हणून दीड महिन्याची लस पुढे ढकलणं धोक्याचं आहे, कारण संसर्गाची भीती याच बाळांना जास्त असते.

मग नेमकं कधी?

पूर्ण दिवसांच्या बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं खाणं सुरू करायचं, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आता गावोगाव पोचलं आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी जगभर असा एकच आकडा नाही. ब्रिटनमध्ये जन्मतारखेपासून ५ ते ८ महिन्यांच्या दरम्यान, बाळाची तयारी बघून सुरू करा, असा सल्ला मिळतो.

आपल्यासाठी जास्त कामाचा पुरावा भारतातलाच आहे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ४०३ बाळांवर इथल्या तीन सरकारी रुग्णालयांत अभ्यास झाला आणि तो २०१७ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात छापून आला. निम्म्या बाळांना करेक्टेड चार महिन्यांना खाणं सुरू केलं, निम्म्यांना करेक्टेड सहा महिन्यांना. करेक्टेड वयाचं वर्ष पूर्ण झालं तेव्हा दोन्ही गटांच्या वजनात फरक नव्हता. म्हणजे ‘लवकर खायला घातलं की अंग धरेल’ ही आशा खरी ठरली नाही. फरक पडला तो दवाखान्यात भरती होण्यात. लवकर सुरू केलेल्या गटात शंभर बाळांमागे महिन्याला सरासरी २.५ वेळा भरती करावं लागलं, उशिराच्या गटात १.४ वेळा. कारणं बहुतेक जुलाबाची आणि छातीच्या संसर्गाची.

आपल्याकडचं पाणी, पावसाळ्यातल्या माश्या आणि घरातली ये-जा पाहिली की हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. म्हणून ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळासाठी करेक्टेड सहा महिन्यांचा सुमार धरावा. ३४ ते ३६ आठवड्यांचं बाळ फार तर महिना-दीड महिना आधी आलेलं असतं. त्यातलं एखादं करेक्टेड पाच महिने उलटल्यावरच तयार दिसेल, तर बालरोगतज्ज्ञ बाळ तपासून थोडं आधी सुरू करायला सांगू शकतात. पण करेक्टेड चार महिन्यांच्या आत कुठल्याच बाळाला दुधाशिवाय काही नको. वरणाचं पाणी नको, फळाचा रस नको, घुटीही नको.

२८ आठवड्यांच्या बाळाचा हिशेब ऐकून आजी घाबरतात. त्याचे करेक्टेड सहा महिने भरेपर्यंत जन्माला पावणेनऊ महिने झालेले असतात. ‘नऊ महिन्यांचं पोर नुसतं दुधावर?’ असा प्रश्न येतो, आणि तो काळजीपोटीच येतो. वजन नीट वाढत असेल, आईचं दूध पुरत असेल आणि डॉक्टरांनी दिलेले लोहाचे व ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू असतील, तर त्या वयापर्यंत दूध पुरतं. वजन अडलं असेल तर कधी सुरू करायचं हे घरी ठरवू नका, डॉक्टरांना ठरवू द्या.

घाई का नको, आणि उशीरही का नको

लहान बाळाच्या ओठाला चमचा लागला की जीभ आपोआप पुढे येते आणि चमच्यातलं बाहेर ढकलते. घरात म्हणतात, ‘याला चव आवडली नाही.’ खरं तर ती गळ्याची राखण आहे. घट्ट काही आत जाऊन श्वासनलिकेत शिरू नये म्हणून निसर्गाने दिलेली. मान सावरायला लागली, जीभ घास मागे न्यायला शिकली, की ही सवय आपसूक जाते. तोपर्यंत गाल दाबून भरवणं म्हणजे ठसक्याला बोलावणं. आणि या बाळांची फुप्फुसं आधीच नाजूक असतात.

दुसरं कारण पोटाच्या मापाचं. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. सहा किलोच्या बाळाचं पोट म्हणजे १८० मिलिलिटर, एक लहान पेला. १०० मिलिलिटर आईच्या दुधातून ६५ ते ७० कॅलरी मिळतात. तेवढ्याच वरणाच्या पाण्यात त्याच्या कितीतरी कमी असतात. पाणचट खाण्याने पोट भरलं की बाळ तेवढं दूध कमी पितं. खाणं सुरू केल्यावर वजन वाढायचं सोडून अडतं ते बहुधा यामुळे.

उशिराचंही नुकसान आहे. बाळ शरीरातला लोहाचा साठा आईच्या पोटात शेवटच्या तीन महिन्यांत भरून घेतं. जे बाळ त्याआधीच बाहेर आलं, त्याची कोठी अर्धवटच भरलेली असते. म्हणूनच त्याला जन्मानंतर काही आठवड्यांतच लोहाचे थेंब सुरू करतात. पुढे थेंबांसोबत अन्नही लागतं, कारण वाढत्या शरीराला दूध एकटं पुरत नाही. शिवाय चावणं शिकायचं एक वय असतं. नऊ-दहा महिन्यांपर्यंत तोंडाला मऊ गोळे आणि कण भेटलेच नाहीत, तर पुढे ते मूल पोळीचा तुकडा दिसला तरी उमासे काढतं.

बाळ काय सांगतंय?

करेक्टेड वय जवळ आलं की रोज थोडा वेळ बाळाला मांडीवर टेकवून बसवा आणि बघा. मान डुलत नाही, स्थिर राहते का? आधार दिला तर पाठ सरळ धरतं का? आपण जेवताना ते आपल्या हाताकडे बघतं का, घास तोंडाकडे जाताना स्वतःचं तोंड उघडतं का? रिकामा स्वच्छ चमचा ओठाला लावला तर जीभ तो सारखा बाहेर ढकलते का? मान आणि पाठ या दोन गोष्टी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या. नुसती मुठी चोखणं किंवा रात्री जास्त उठणं ही खाण्याची मागणी नसते, ते सगळीच बाळं करतात.

मान उशिरा धरत असेल तर जागं असताना, समोर बसून, दिवसातून दोन-चार वेळा थोडा वेळ त्याला पालथं ठेवा. करेक्टेड सहा महिने होऊनही मान सावरत नसेल तर वाट पाहू नका, बाळाला दाखवा. पेटीतून घरी आलेल्या बाळांची अशी तपासणी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत होते.

वाटीत काय, आणि किती घट्ट

सगळ्यात कामाची परीक्षा चमच्याची आहे. चमचा थोडा तिरका करा. आतलं अन्न पाण्यासारखं ओघळलं तर ते पातळ आहे. हळूहळू घसरत पडलं तर बरोबर आहे. ‘बाळ लहान आहे, पातळ दे’ या प्रेमातल्या सल्ल्याने जितकी बाळं अर्धपोटी राहतात, तितकी आणखी कशाने राहत नसतील.

आपल्या आजीच्या हातचं खिमट हे या कामाला अगदी नेमकं आहे. दोन भाग तांदूळ, एक भाग मुगाची डाळ, धुऊन, वाळवून, मंद भाजून, बारीक भरड काढून ठेवायची. लागेल तेवढी पाण्यात मऊ शिजवायची, चिमूटभर हळद घालायची आणि वरून अर्धा लहान चमचा साजूक तूप. मीठ नाही, साखर नाही, गूळही नाही, वर्ष होईपर्यंत. तूप मात्र विसरू नका. पोट न वाढवता ताकद वाढवायचा तोच सोपा मार्ग आहे.

नाचणीचं भाग्य आपल्या जिल्ह्याला मोठं. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरउतारावर ती पिकते आणि तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं, १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. तिला मोड आणून, वाळवून, दळून पीठ करा. मोड आल्यावर धान्यातला स्टार्च थोडा तुटतो, त्यामुळे शिजवताना लापशी फार फुगत नाही. तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं, तरी बाळाला गिळायला जड जात नाही. लहान पोटाच्या बाळासाठी ही फार मोठी सोय आहे.

मग गुरगुट्या भातात घट्ट वरण, कुस्करलेलं रताळं, पिकलं केळं, पपई, नीट उकडलेल्या अंड्याचा लगदा. कोरेगावचा घेवडा थोडा नंतर, पूर्ण शिजवून, साल काढून, गाळणीतून घासून. नव्या पदार्थाला दोन-तीन दिवस द्या, म्हणजे पुरळ किंवा जुलाब झालेच तर कशाने ते कळतं.

मांसाहारी घरांत बाळाला अळणी रस्सा पाजायची पद्धत आहे. त्यातून बाळाला जवळजवळ काहीच लोह मिळत नाही, लोह मटणाच्या फोडीत राहतं. मीठ घालण्याआधी दोन मऊ फोडी बाजूला काढा, अगदी बारीक वाटा आणि भातात कालवा. हा घास कुठल्याही टॉनिकपेक्षा मोलाचा आहे. शाकाहारी घरात डाळ-पालेभाजीच्या घासावर लिंबाचे दोन थेंब पिळा, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. चहा याच्या उलट काम करतो. चहात बुडवलेलं बिस्कीट बाळाला देऊ नका, कितीही आवडीने खात असलं तरी.

खाणं सुरू झालं म्हणून लोहाचे थेंब बंद करू नका, ते किती महिने द्यायचे ते डॉक्टर सांगतील. ६ महिन्यांनंतर आशाताईंकडून लोहाचं सरकारी औषध मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर. थेंब आधीच चालू आहेत हे त्यांना सांगा आणि दोन्ही द्यायचे का ते डॉक्टरांना विचारा. आशाताई सहाव्या महिन्याच्या भेटीला येतात त्या जन्मतारखेच्या हिशेबाने, आणि वरचं खाणं सुरू केलं का हे विचारणं त्यांचं कामच आहे. त्यांना दवाखान्याचं कार्ड दाखवा आणि बाळ किती आठवड्यांचं जन्मलं ते सांगा.

मात्रा अगदी थोड्यापासून. पहिले काही दिवस दिवसातून एकदा, एक-दोन लहान चमचे. अंगावरचं दूध पूर्वीसारखंच. दोन-तीन आठवड्यांत दोन वेळा, मग तीन वेळा, अर्धी वाटी होईपर्यंत. बाळ तोंड फिरवेल तेव्हा थांबायचं. झोपवून भरवायचं नाही, बसवूनच. हात साबणाने धुवा, पाणी उकळून गार केलेलं वापरा, सकाळचं खिमट संध्याकाळी नको.

दारात गाय-म्हैस असते तिथे दूध पाणी घालून पाजायचा मोह होतो. वर्षाच्या आत ते पाजू नका. त्यात लोह फार कमी असतं, लहान आतड्याला ते झेपत नाही आणि कधी कधी आतड्यातून न दिसणारा रक्तस्राव होतो. घरचं ताजं दही दोन चमचे खाण्यात आलं तर चालतं.

आणि मध. मांघरसारखं मधाचं गाव आपल्याच जिल्ह्यात आहे, महाबळेश्वरचा मध घरोघरी असतो आणि तो शुद्धही असतो. तरीही वर्षाच्या आत चाटवू नका. शुद्ध मधातही बॉट्युलिझमच्या जिवाणूंची बीजं असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण बाळाच्या कोवळ्या आतड्यात ती रुजली तर स्नायू लुळे पडू लागतात.

अख्खे शेंगदाणे आणि बेदाणे लहान मुलाच्या हाताला लागू देऊ नका, ते घशात अडकतात. शेंगदाणे भाजून, लोण्यासारखे गुळगुळीत वाटून खिमटात मिसळले तर चालतात.

पंचांग आणि मामा

उष्टावण रद्द करायला मी कुणाला सांगणार नाही. इतक्या काळजीतून वाचलेल्या बाळाचा तो आनंदाचा दिवस आहे. बाळंतपणाची अपेक्षित तारीख धरून महिने मोजा आणि त्या महिन्यातला मुहूर्त काढा. मुलीसाठी पाचवा नको, सातवा धरा, तो तिला नीट मानवेल. गुरुजींना कारण सांगितलं तर बहुतेक जण मान्य करतात. तारीख आधीच ठरली असेल, पाहुणे सांगून झाले असतील, तर ओवाळणं, नवे कपडे, मामाची मांडी सगळं होऊ द्या. घास म्हणून चमच्यावर आईचंच दूध घेऊन ओठाला लावा. खीर मोठ्यांनी खावी. आणि जमलेल्या प्रत्येकाने बाळाला एकेक बोट चाटवू नये, एवढं आधीच मोकळेपणाने सांगून ठेवा.

ज्या तोंडाने नळी सोसली

काही बाळं सगळं वय, सगळी तयारी असूनही चमचा दिसला की रडतात, मान फिरवतात, उमासे देतात. त्यांना हट्टी म्हणू नका. जन्मल्यापासून कित्येक दिवस त्यांच्या नाका-तोंडातून नळ्या गेल्या, चिकटपट्ट्या ओढल्या गेल्या, कफ काढला गेला. तोंडाजवळ काही आलं की दुखतं, हेच ते शिकले. ते विसरायला वेळ लागतो. दूध पाजताना गालाला, ओठाला हलकं बोट फिरवा. रिकामा चमचा खेळायला द्या. त्याच्या बोटांवर खिमट लागू द्या आणि ते बोट त्याचं त्यालाच तोंडात घालू द्या. मोबाईल दाखवून, फसवून घातलेल्या घासाने पोट भरेल, पण भीती तशीच राहील.

काही खुणांना मात्र घरचा उपाय नाही. दर घासाला ठसका, खाताना ओठ निळसर होणं, खाल्ल्यावर आवाज घुरघुरीत होणं, पुन्हा पुन्हा छाती भरणं, दोन-तीन आठवडे वजन अजिबात न वाढणं. यातलं काहीही दिसलं तर भरवणं थांबवा, दूधही पिताना तसंच होतंय का ते पाहा आणि बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्या. गिळण्याची तपासणी आणि भरवण्याचे व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे पाठवायला सांगा. जाताना बाळ काय खातं, किती घट्ट, कुठल्या स्थितीत, आणि त्रास कितव्या घासाला होतो हे लिहून न्या. जमलं तर घरातल्या कुणाला तरी एका जेवणाचा व्हिडिओ काढायला सांगा. दवाखान्यात बाळ घाबरून खात नाही, पण व्हिडिओ पाहून डॉक्टरांना बरंच कळतं.